हक्क आधी, प्रेम नंतर

प्रेमकथा सांगताना पुरुषाच्या मोठेपणाचे गोडवे गायची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने तिला ‘स्वीकारले’, त्याने तिला ‘संधी दिली’! अमेरिकेतील वकील आणि स्त्रीहक्कांच्या कार्यकर्त्या एला नोल्स यांची कहाणीही अशीच रंगवली जाते. निवडणुकीत ज्याने हरवले त्यानेच कचेरीत नेमले आणि पुढे लग्नही केले! आम्ही पडलो वकील. आम्ही प्रकरण तारखांच्या क्रमाने वाचतो.

मोंटाना प्रांतातील हेलेना हे गोऱ्यांच्या पुढे सरकणाऱ्या वसाहतीच्या सीमेवरचे गाव. १८६४ मध्ये तिथे सोने सापडले आणि खाणवाल्यांच्या वस्तीचे शहर झाले. न्यू हॅम्पशायरमध्ये १८६० साली जन्मलेल्या, बेट्स कॉलेजच्या पदवीधर एला प्रकृतीच्या कारणाने तिथे गेल्या. वकिली करायची, तर कायदा आडवा! स्त्रीला सनदच मिळत नव्हती. त्यांनी विधिमंडळाच्या सभासदांना गाठले, युक्तिवाद केला आणि १८८९ मध्ये कायदाच बदलून घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात त्या मोंटानातील पहिल्या स्त्री वकील झाल्या.

१८९२ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षाने त्यांना राज्याच्या ॲटर्नी जनरलपदासाठी उभे केले. त्या राज्यभर सभा घेत फिरल्या. गंमत पाहा, उमेदवार होता येत होते, पण स्वतःला मत देता येत नव्हते! रिपब्लिकन पक्षाचे हेन्री हॅस्केल निवडून आले. त्यांनी याच प्रतिस्पर्धी बाईंना आपले सहायक नेमले. शाळांसाठीच्या जमिनींचा दावा घेऊन एला वॉशिंग्टनला गेल्या आणि राज्याच्या बाजूने निकाल घेऊन आल्या. १८९५ मध्ये दोघांनी लग्न केले.

हॅस्केल यांचा मोठेपणा आम्ही नाकारत नाही. हरलेल्या विरोधकाची, तीही स्त्रीची, लायकी ओळखायला मन मोठे लागते. पण १८८९ चा कायदा झाला नसता तर हॅस्केल नेमणार कुणाला होते? वकील झालेली स्त्री त्या कचेरीत पोहोचली ती स्वतः मिळवलेल्या सनदेच्या जोरावर, कुणाच्या मेहेरबानीवर नव्हे.

पुढे १९०२ मध्ये घटस्फोट झाला. एला ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या शहरात खाण कायद्याच्या जाणकार म्हणून नाव कमावून राहिल्या. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. संसार सात वर्षांचा ठरला, वकिली अखेरपर्यंत टिकली. ज्या मताधिकारासाठी त्या लढल्या, तो मोंटानातील स्त्रियांना १९१४ मध्ये मिळाला.

तोही सर्व स्त्रियांना नव्हे! ज्या आदिवासींच्या भूमीवर ही गावे वसली, त्या सर्वांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडले. सीमेच्या एका बाजूची मुक्ती दुसऱ्या बाजूच्या हिसकावलेल्या जमिनीवर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्या देशात स्त्रियांना वकिलीचे दार कायद्याने उघडले ते १९२३ मध्ये. आज कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून वावरणाऱ्या आमच्या भगिनींना आम्ही एवढेच सांगू : प्रेम जरूर करा, जोडीदार पारखून निवडा. पण सनद आपल्या नावाची आणि आपल्या हातात ठेवा. प्रेमाने दिलेले प्रेमासोबत परतही जाऊ शकते. लढून मिळवलेला हक्क आपलाच राहतो.