कमांड सापडत नाही? यंत्र बिघडलेले नाही!

२०१२ साली बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक मेनूथला आमच्या घरांतही आला आहे. मुलांनी 'गिट' टाइप केले की कधी 'कमांड नॉट फाउंड' असे उत्तर येते आणि आम्हा आईवडिलांना वाटते, पैसे पाण्यात गेले! तसे नसते. 'लाइट' आवृत्तीत पुष्कळ साधने मुद्दाम वगळलेली असतात.

आधी स्पेलिंग पाहा. मग इंटरनेट जोडून इंग्रजी अक्षरांत 'सुडो ॲप्ट अपडेट' द्या, म्हणजे साधनांची यादी ताजी होते. नंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट'. कधी पॅकेजचे नाव निराळे असते: 'आयएफकॉन्फिग' हवे तर 'नेट-टूल्स' मागावे लागते. नवे यंत्र घेण्याआधी एवढे मुलांनाच करू द्या.