विश्लेषण : गाडीचा चक्काचूर होऊनही एअरबॅग का उघडत नाही?

अपघातग्रस्त मोटारीचे छायाचित्र व्हायरल झाले की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘बॉनेट एवढे चेपले, मग एअरबॅग का उघडली नाही?’ मात्र एअरबॅग गाडीचे नुकसान पाहून उघडत नाही. गाडीचा वेग किती झटकन कमी झाला, यावर ते ठरते.

निर्णय कसा होतो?
गाडीतील सेन्सर वेगातील घट सतत मोजत असतात. धडक गंभीर असल्यास नियंत्रण यंत्रणा विद्युत संकेत पाठवते, इन्फ्लेटरमधील रसायन पेटते आणि वायूने पिशवी फुगते. हे सारे पापणी लवण्याआधी, सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात घडते.

किती वेगाला उघडते?
अमेरिकेतील ‘आयआयएचएस’ या संस्थेनुसार, सीटबेल्ट लावलेला असल्यास भक्कम भिंतीवर ताशी सुमारे २५ किमी वेगाने, तर बेल्ट नसल्यास १६ ते १९ किमी वेगाने बसणाऱ्या धडकेइतका धक्का लागतो. उभ्या गाडीवर आदळल्यास तीही मागे ढकलली जाते आणि धक्का विभागला जातो. त्यामुळे तेवढ्याच तीव्रतेसाठी साधारण दुप्पट वेग लागतो.

कधी उघडत नाही?
मागून धडक बसल्यास पुढच्या एअरबॅग सहसा उघडत नाहीत. गाडी उंच ट्रकच्या मागे खाली घुसली, तर बॉनेट आणि काच चिरडते. पण गाडीचा भक्कम सांगाडा थेट आदळत नाही. अशा वेळी एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडतही नाही.

सीटबेल्ट नसेल तर?
एअरबॅग सीटबेल्टला पूरक आहे, पर्याय नाही. बेल्ट नसल्यास पुढे फेकले गेलेले शरीर फुगत असलेल्या पिशवीवर आदळते आणि तीच जीवघेणी ठरू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

काय काळजी घ्याल?
• मागच्या सीटवरही बेल्ट लावा.
• स्टीअरिंग आणि छातीत किमान २५ सेंमी अंतर ठेवा.
• १३ वर्षांखालील मुलांना मागे बसवा. पुढच्या सीटवर मांडीवर तर कधीच घेऊ नका.
• डॅशबोर्डवर पाय ठेवू नका.
• बम्परला क्रॅशगार्ड लावू नका. त्यामुळे सेन्सरचा अंदाज चुकू शकतो.
• गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा विझला नाही, तर लगेच सर्व्हिस सेंटर गाठा.