माझगावच्या वेल्डरची विद्या

हार्बर लाईनवरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनपासून माझगाव डॉक हाकेच्या अंतरावर आहे. रोज तिथून जाणाऱ्या कितीतरी मुंबईकरांना आत पाणबुड्या बांधल्या जातात हे ठाऊक नसतं. देशात बांधलेली पहिली पाणबुडी, ‘शल्की’, इथलीच. जर्मन आराखड्यावर घडलेली ही पाणबुडी 1992 मध्ये नौदलात आली.

पाणबुडीचा जीव तिच्या दाब सोसणाऱ्या पोलादी नळकांड्यात असतो. 300 मीटर खोलीवर त्याच्या दर चौरस मीटरवर सुमारे 300 टन पाणी रेटत असतं. नळकांडं जरा जरी वाकडं असलं तरी दाब एका जागी एकवटतो. म्हणून पोलादाची कडी भाग भाग करून जोडतात आणि सांध्यांचे एक्स-रे काढतात. असा सांधा घालणारा वेल्डर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. काम थांबलं की हात जातो.

आपण ते काम थांबवलं. जर्मन सौद्यातल्या दलालीच्या आरोपांनंतर पुढच्या पाणबुड्या रद्द झाल्या. 1994 ला ‘शंकुल’ दाखल झाली आणि पुढचा करार व्हायला 2005 उजाडलं. 1999 च्या योजनेत तीस वर्षांत 24 पाणबुड्या बांधायच्या होत्या. प्रत्यक्षात फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्यावरची पहिली ‘कलवरी’ 2017 च्या डिसेंबरात आली. या विलंबाचं खापर गोदीच्या कामगारांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.  

या साऱ्या डिझेल-विजेवरच्या पाणबुड्या. ‘कलवरी’त 360 बॅटऱ्या आहेत, एकेक साडेसातशे किलोंहून जड. त्या भरण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन हवेची नळी वर काढून डिझेल इंजिनं चालवावी लागतात. तेवढ्यात शत्रूला सुगावा लागू शकतो. ही वेळ लांबवणारी इंधन-घटांची यंत्रणा आपल्या अंबरनाथच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झाली. अणुभट्टीवरच्या पाणबुडीला हवा लागतच नाही. शिधा पुरेल तोवर ती महिनोन्‌महिने वेगाने पाण्याखाली राहू शकते. हिंदी महासागराच्या पसाऱ्यात शत्रूचा माग धरायला तीच हवी. रशियाकडून भाड्याने घेतलेल्या ‘चक्रा’वर आपल्या नौसैनिकांनी अशी पाणबुडी हाताळली. ‘अरिहंत’ विशाखापट्टणमला बांधली गेली, तिच्या गिअरबॉक्ससाठी वालचंदनगरचे हात राबले. पण ती अण्वस्त्रं वाहणारी. शिकारी जातीच्या दोन अणु-पाणबुड्यांना केंद्राने ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी दिली.

त्या बांधायलाही असेच कसलेले हात लागतील. म्हणून एक पाणबुडी पाण्यात उतरते तेव्हा दुसरीचं पोलाद कापायला सुरुवात झालेली हवी. सहावी स्कॉर्पीन ‘वाघशीर’ 15 जानेवारी 2025 ला नौदलात आली, त्या दिवशी माझगावला पुढच्या पाणबुड्यांचा करार झालेला नव्हता.