वीर गेला स्वर्गात, आणि ती?

मुलांच्या तोंडी हल्ली हातोडीवाल्या थॉरचं नाव असतं. माझा नववीतला भाचा डोंबिवलीला सुट्टीला आला, की घरात दुसरा विषयच नसतो. मी विचारलं, "अरे, हा देव कुठला?" मग त्यानेच मला शिकवलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडनमधले व्हायकिंग दर्यावर्दी ओडिन, थॉर, फ्रेया अशा देवदेवतांना मानायचे. लढाईत पडलेल्या निम्म्या वीरांना फ्रेया देवी नेई, उरलेले ओडिनच्या वाल्हाला महालात जात. त्यांना न्यायला वाल्किरी नावाच्या युवती येत. अंथरुणावर मेलेल्याच्या वाट्याला मात्र हेलचं पाताळ!

"मावशी, आपल्याकडे असं काही नाही ना?" तो म्हणाला. म्हटलं, चल दाखवते. ठाण्याहून बस पकडून आम्ही बोरिवलीजवळच्या एकसरला गेलो. तिथे उंच दगडी वीरगळ उभे आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई, काही दगडांवर तर वल्ह्यांची जहाजंसुद्धा! वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवाची पूजा. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या सागरी लढाईशी काही अभ्यासक या दगडांचा संबंध जोडतात, तर काही जण ते त्याहूनही जुने मानतात.

भाचा खूश झाला. "म्हणजे वाल्किरी आणि अप्सरा सारख्याच!" मग जरा थांबून म्हणाला, "पण मावशी, त्याची बायको कुठे आहे?"

मी गप्पच झाले. आपल्याकडे बाईचा वेगळा दगड असतो, सतीशिळा. बांगड्या भरलेला हात त्यावर कोरलेला असतो. म्हणजे तिने सोबत जाळून घेतलं, तरच तिला दगड. जी मागे राहून पोरं वाढवते, तिला काहीच नाही.

नॉर्वेत ओसेबर्ग इथे 1903 साली मातीच्या ढिगाखाली एक नक्षीदार जहाज सापडलं. इसवी सन 834 मधलं ते दफन. एवढ्या थाटात पुरलेल्या होत्या दोन बायका! कुणाच्या पत्नी होत्या, कुणाला ठाऊक नाही. पण मान त्यांचा स्वतःचा होता.

आमच्या बचत गटात एक ताई आहे. नवरा सकाळच्या लोकलने कामाला गेला, तो परतलाच नाही. त्याचा ना वीरगळ, ना स्वर्ग. पोळीभाजीचे डबे करून तिने दोन मुली शिकवल्या. संक्रांतीला मात्र हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दारावरून पुढे जातं. खरं सांगते, इतकी वर्षं मीही तिला बोलावलं नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एवढंसं गाव करू शकतं, मग आपण शिकल्या-सवरल्या बायका का नाही?

यंदाच्या संक्रांतीला पहिलं वाण त्या ताईच्या ओटीत. तुमच्या गल्लीतही अशी एक असेलच. बोलवाल ना तिला?