फिशर आणि इरावतीबाई

ऑयगेन फिशर (१८७४–१९६७) हा मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम माणसाला लावू पाहणाऱ्या पहिल्या जर्मन संशोधकांपैकी एक. १९०८ मध्ये त्याने आजच्या नामिबियातील रेहोबोथ येथे मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास केला. १९१३ चा त्याचा ग्रंथ त्यावरच आहे. निरीक्षणे कष्टाची, पण निष्कर्ष वंशश्रेष्ठत्वाच्या बाजूला झुकलेले. १९२७ मध्ये बर्लिनच्या डाहलेम भागात मानवी आनुवंशिकतेची कैसर विल्हेल्म संस्था निघाली, तिचा तो पहिला संचालक. पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला याच संस्थेने शास्त्राचा मुलामा दिला.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी पीएच.डी. केली ती याच फिशरच्या हाताखाली. विषय होता मानवी कवटीची असममिती. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू मोजून त्यांची तुलना करायची, असे काम. युरोपीय कवट्या वेगळ्या ठरतील आणि त्यातून त्यांची बौद्धिक सरशी दिसेल, अशी फिशरची अटकळ. मापांत तसे काही आढळले नाही, आणि बाईंनी ते प्रबंधात स्पष्ट मांडले. गुरूच्या मताविरुद्ध, तेही परक्या देशात, हे धाडसच म्हणायचे. तरीही पदवी मिळाली. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन व संशोधन केले; मानवमिती, म्हणजे मानवी शरीराची मापे घेण्याचे काम, मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.