‘माझा प्रवास’ : वाचकांचे मत आणि संहितेचा प्रश्न

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ कोणी प्रवासवर्णन म्हणून, कोणी आत्मकथन म्हणून, तर कोणी १८५७ च्या उठावाचे साधन म्हणून वाचतो. या सर्व वाचनांमागे एकच विश्वास असतो : झाशीचा वेढा लेखकाने स्वतः अनुभवला होता. हा विश्वास निराधार नाही. तथापि तो दोन बाजूंनी तपासून घ्यावा लागतो. एक तर ही हकीकत सुमारे २५ वर्षांनंतर स्मरणातून लिहिली गेली. तीत पाहिलेले आणि ऐकलेले एकत्र आले आहे. दुसरे असे की, चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये ती प्रसिद्ध केली, ती भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. मधल्या काळातील वाचकांनी गोडसे भटजींची म्हणून जी शैली जाणली, ती अंशतः संपादकाची होती. म्हणून या ग्रंथाच्या भाषेविषयी वा विश्वसनीयतेविषयी एखादे जुने मत उद्धृत करताना ते कोणत्या आवृत्तीच्या वाचनातून बनले, हे अभ्यासकाने प्रथम पाहणे अगत्याचे आहे.