गाडीचा एसी घरी दुरुस्त करताना

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एक तरुण आला. उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक आणि बधिर. ‘भाजलं’ म्हणत होता; पण ते विस्तवाने नव्हतं. गाडीच्या एसीची हवा कमी येते म्हणून त्याने घरीच गॅसच्या नळीचा जोड सैल केला होता.

घरी दुरुस्ती करूच नका, असं मी म्हणणार नाही. हात कुठवर घालायचा, हे मात्र माहीत हवं.

हवा कमी येत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर आधी केबिन फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. इंजिन बंद करा, मास्क लावा आणि तो अलगद काढा. जुना फिल्टर घरात झटकू नका. त्यातली धूळ आणि बुरशी दम्याच्या रुग्णाला धाप लावायला पुरेशी असते. नवा बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा पाहा. झालं काम.

गॅसच्या नळ्यांना मात्र हात लावू नका. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू दाबाखाली असतो. द्रवरूपात बाहेर उडाला, की तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि त्वचेतली उष्णता ओढून घेतो. हा हिमदाह. डोळ्यात उडाला तर नजरेवर बेततं. असं झालंच तर चोळू नका, शेकू नका. बोटं कोमट पाण्यात धरा. डोळा १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि रुग्णालय गाठा.

हीटरमध्ये इंजिनचं गरम कूलंट फिरतं. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय त्याचं झाकण उघडू नका; उकळता फवारा तोंडावर येतो. उरलेलं कूलंट पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. मुलाच्या पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एसी तपासायला इंजिन सुरू करावं लागतं. बंद गॅरेजमध्ये ते चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं, की ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना दाखवा. घरच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेतही तो नेहमीचाच आकडा दाखवू शकतो.

त्या तरुणाची बोटं वाचली. पट्टी बदलायला आला तेव्हा ओशाळून हसला. गॅरेजमध्ये गॅस पुन्हा भरला, तरी हवा कमीच येत होती. तुंबला होता तो फिल्टर!